पनवेलहून प्रबळगड: स्काउट-गाइडच्या मुलांची एक दिवसाची अवघड हाइक कशी आखायची?

पनवेलच्या कुठल्याही उंच इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिलं की सपाट माथ्याचा एक मोठा डोंगर दिसतो आणि त्याच्या बाजूला चिकटल्यासारखा एक टोकदार सुळका. डोंगर म्हणजे प्रबळगड आणि सुळका म्हणजे कलावंतीण. दक्षिणेला अंगठ्यासारखा उभा दिसतो तो कर्नाळा. थोडं पुढे चौककडे गेलं की इर्शाळगड, रसायनीच्या बाजूला माणिकगड. एका दिवसात जाऊन परत येता येतील असे इतके किल्ले शहराच्या इतक्या जवळ असणं ही पनवेलकरांची चैनच.

म्हणूनच दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या स्काउट-गाइड पथकांमध्ये एक विषय हमखास निघतो, 'या वर्षी हाइक कुठे?' सातवी-आठवीपुढच्या मुलांना बागेतली सहल नको असते. त्यांना दमवणारं, घरी येऊन सांगण्यासारखं काहीतरी हवं असतं. ती मागणी योग्यच आहे. पण रीलमध्ये दिसणारा सुळका पाहून ठिकाण ठरवणं आणि १३-१४ वर्षांच्या दोन डझन मुलांना डोंगरावर नेऊन सुखरूप परत आणणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

अशी हाइक कशी आखतात, कोणता किल्ला निवडावा, किती वाजता निघावं आणि कधी मागे फिरावं, ते सविस्तर पाहू.

स्काउटची हाइक आणि साधा ट्रेक, फरक काय?

ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेलं की पुढे लीडर चालतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. स्काउटिंगमध्ये तसं अपेक्षित नाही.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर २० मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा मुलांचे चार गट पाडले होते आणि प्रत्येक गटाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर दिली होती. हीच पद्धत पुढे जगभर गेली. भारतात वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संस्था स्थापन झाली. तिच्या पथकांतही सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि त्याचा एक संघनायक अशीच रचना असते.

त्यामुळे स्काउटच्या हाइकमध्ये नकाशा वाचणं, वेळ पाहणं, पाणी वाटणं, मुलं मोजणं ही कामं मुलांनी करायची असतात. मोठी माणसं मागे राहून लक्ष ठेवतात. याचा आखणीवर थेट परिणाम होतो. मुलं निर्णय घेणार असतील, तर वाट अशी हवी की त्यांची छोटी चूक निभावून जाईल.

किल्ला कोणता निवडायचा?

इथे एक साधी कसोटी लावता येते. दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिला, ही वाट किती दमवते? दुसरा, इथे पाय घसरला तर काय होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'खूप' असलं तरी चालेल. दुसऱ्याचं उत्तर 'खरचटेल, फार तर पाय मुरगळेल' एवढंच असायला हवं.

पनवेलभोवतीचे किल्ले या कसोटीवर तपासू.

कर्नाळा: पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. १९६८ साली जाहीर झालेल्या पक्षी अभयारण्यातूनच वाट जाते. किल्ल्यापर्यंत पोहोचायला मुलांना साधारण दोन तास लागतात. वाट मळलेली आहे, वर सावली आहे. माथ्यावरचा सुळका मात्र दोर आणि प्रशिक्षणाशिवाय चढायचा नाही. तिथे आग्या मोहोळंही असतात. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्या मुलांसाठी, किंवा मोठ्या हाइकच्या आधीचा सराव म्हणून कर्नाळा उत्तम.

कलावंतीण: सोशल मीडियावर सर्वात जास्त दिसणारा. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या, एका बाजूला दरी, कठडा नाही. दमछाक प्रबळगडापेक्षा कमीच, पण इथे पडून लोकांचे जीव गेले आहेत. सुट्टीच्या दिवशी त्याच पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. एकट्यादुकट्या अनुभवी माणसासाठी हा धोका मर्यादित असेलही. २४ मुलं चढून उतरतात तेव्हा प्रत्येक पायरीवर ४८ वेळा पाय पडतो. दुसऱ्या प्रश्नावर कलावंतीण नापास होतो.

इर्शाळगड: माथ्याजवळ कातळाचे अवघड टप्पे आहेत. डोंगराच्या अंगावरच्या इर्शाळवाडीवर २०२३ मध्ये दरड कोसळली, त्याबद्दल पुढे येईलच. शालेय गटासाठी हा पर्याय टाळलेलाच बरा.

माणिकगड: रसायनीजवळच्या वाशिवलीकडून वाट जाते. चाल लांब आणि माणसांची वर्दळ कमी. वाटाड्या असेल तर मोठ्या मुलांसाठी चांगला.

प्रबळगड: उंची सुमारे २३०० फूट, म्हणजे ७०० मीटर. पायथ्याच्या ठाकूरवाडीतून माथ्यापर्यंत जवळपास ६०० मीटर चढावं लागतं. ठाकूरवाडी ते प्रबळमाची हा पहिला टप्पा रुंद वाटेचा. माचीवर वस्ती आहे, पाणी आणि जेवण मिळतं. तिथून वर मात्र दगडधोंड्यांनी भरलेली नाळ चढावी लागते. ही नाळ पायांचा आणि दमाचा चांगलाच कस काढते. घसारा आहे, काही ठिकाणी हात टेकावे लागतात, पण दोन्ही बाजूंना डोंगराच्या भिंती असल्यामुळे थेट दरी उघडी पडत नाही. माथा मोठा, सपाट आणि दाट झाडीचा आहे. तिथे धोका वाट चुकण्याचा.

म्हणजे १३ वर्षांपुढच्या, थोडा सराव झालेल्या मुलांसाठी प्रबळगड हे चांगलं आव्हान ठरतं. शिवाय मधे माची असल्यामुळे 'इथवरच पुरे' म्हणायला एक हक्काची जागा मिळते. कलावंतीणचा सुळका मुलांना माचीवरून आणि गडाच्या कड्यावरून बघता येतो. तिथे जायचं नाही, हे पनवेलमध्येच सांगून टाकायचं. खिंडीसमोर उभं राहिल्यावर ते सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

इतिहासाचा धागाही इथे सापडतो. प्रबळगडाचं जुनं नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत मुरंजन, कर्नाळा आणि माणिकगड हे तिन्ही होते.

कोणत्या महिन्यात जायचं?

सरळ उत्तर: नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत.

पावसाळ्यात सह्याद्री सर्वात देखणा दिसतो आणि फोटोही तेव्हाचेच फिरतात. पण नाळ म्हणजे मुळात पाणी उतरायची वाट. जोराचा पाऊस झाला की तिथून पाण्याबरोबर दगडही येतात. पनवेल परिसरातल्या गर्दीच्या ठिकाणांवर पावसाळ्यात प्रशासन अनेकदा बंदीचे आदेश काढतं, तेही याचसाठी.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. एनडीआरएफच्या जवानांना भर पावसात चिखलातून चढून जावं लागलं, खोदकामाची यंत्रं वर नेता आली नाहीत, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उडू शकली नाहीत. ही वाडी पनवेलपासून फार लांब नाही. इतक्या जवळच्या डोंगरावरही मदत पोहोचायला किती वेळ लागू शकतो, हे त्या रात्री सगळ्या राज्याने पाहिलं.

मार्चपासून दुसरा धोका सुरू होतो, उन्हाचा. पनवेलची हवा दमट आहे. अंगावरचा घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यातल्याच खारघरमध्ये उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ती माणसं डोंगर चढत नव्हती, बसलेली होती. परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये हाइक काढण्याचा विचार करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

वेळेचं गणित कसं करायचं?

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला. तो आजही जगभर वापरला जातो. दर ५ किलोमीटर चालीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास.

ठाकूरवाडी ते प्रबळगड माथा ही चाल एका बाजूने ५ किलोमीटर धरली, तर १ तास चालीचा आणि १ तास चढाचा, असे २ तास होतात. पण हा नियम तंदुरुस्त प्रौढ माणसासाठी आहे, तोही न थांबता चालणाऱ्या. मुलांचा मोठा गट असेल, घसारा असेल, तर हा वेळ जवळपास दुप्पट धरावा. उतरताना वेळ वाचेल असंही समजू नये. नाळेतून उतरताना मुलं चढतानाइतकाच वेळ घेतात, कारण तोवर पाय थकलेले असतात.

उदाहरणासाठी २४ मुलं, म्हणजे सहा-सहांचे चार संघ, चार मोठी माणसं आणि एक स्थानिक वाटाड्या असा गट घेऊ. डिसेंबरमध्ये पनवेलला सूर्य साधारण ७ वाजता उगवतो आणि ६ च्या सुमारास मावळतो. त्यानुसार वेळापत्रक असं होईल:

- पहाटे ५:४५: पनवेलहून गाडी निघेल. शेडुंग फाट्यावरून आत वळून ठाकूरवाडी, अंतर साधारण १५ किलोमीटर.
- ६:३०: ठाकूरवाडी. वनविभागाच्या चौकीवर नोंद आणि शुल्क, मुलांची मोजणी.
- ६:४५: चालायला सुरुवात.
- ८:३०: प्रबळमाची. नाश्ता, पाणी भरणं, अर्धा तास विश्रांती.
- ९:००: नाळेकडे.
- ११:००: माथा.
- १२:१५: उतरायला सुरुवात.
- २:००: माची, जेवण.
- २:४५: माचीवरून खाली.
- ४:१५: ठाकूरवाडी.

सूर्यास्ताला अजून पावणेदोन तास शिल्लक आहेत. हा वेळ उरलेला किंवा वाया गेलेला समजायचा नाही. एखाद्याचा पाय मुरगळला, बुटाचा तळ निघाला, वाट चुकली, तर तो इथूनच खर्च होणार आहे. उशिरा निघून हा वेळ आधीच संपवला, तर अडचणीच्या वेळी हातात अंधार राहतो.

वेळापत्रकातली सर्वात महत्त्वाची ओळ मात्र वर लिहिलेलीच नाही. ती आहे परतीची वेळ: साडेअकरा. साडेअकराला गट जिथे असेल तिथून मागे फिरायचं. माथा दहा मिनिटांवर असला तरीही.

ही परतीची वेळ आधीच का ठरवायची?

डोंगरावर असताना हा निर्णय घेणं फार कठीण असतं. मुलं उत्साहात असतात, 'सर, आलोच' म्हणत असतात, पालकांनी पैसे भरलेले असतात आणि मोठ्या माणसांनाही हार मानल्यासारखं वाटतं. म्हणून तो निर्णय आदल्या आठवड्यात, पनवेलमध्ये, शांत डोक्याने घ्यायचा आणि कागदावर लिहायचा.

वेळेबरोबर आणखी दोन अटी लिहून ठेवाव्यात. पहिली, माचीवर पोहोचेपर्यंत एकाही मुलाला उलटी, चक्कर, ताप किंवा जास्त लंगडणं दिसलं, तर ते मूल दोन मोठ्या माणसांबरोबर तिथेच थांबेल. दुसरी, माचीवरून वर जाणाऱ्यांबरोबर तीनपेक्षा कमी मोठी माणसं उरत असतील, तर सगळ्यांची हाइक माचीवरच संपेल. चारमधले दोन खाली थांबले तर वर उरतात वाटाड्यासह तीन. म्हणजे एका आजारी मुलाने हाइक मोडत नाही, दुसरा प्रसंग ओढवला तर मात्र मोडते.

या तिन्ही अटी मुलांना आणि पालकांना आधीच सांगाव्यात. मग मागे फिरणं हा कोणाचा दोष राहत नाही, तो आखणीचाच भाग होतो.

आधीच्या महिन्यात काय काय करायचं?

पाहणी: बरोबर जाणाऱ्या किमान दोन मोठ्या माणसांनी आधी स्वतः ही वाट पूर्ण चालून यावी, शक्यतो त्याच महिन्यात. पावसाळ्यानंतर वाटा बदलतात, झाडं पडतात, माथ्यावरचं गवत पुरुषभर वाढतं. इंटरनेटवरच्या तीन वर्षांपूर्वीच्या वर्णनावर मुलं नेऊ नयेत.

वाटाड्या: ठाकूरवाडी आणि प्रबळमाचीतले लोक हा डोंगर लहानपणापासून चालत आले आहेत. त्यांच्यापैकी एकाला ठरलेला मोबदला देऊन बरोबर घ्यावं. गडाच्या दाट झाडीत त्याचा सर्वात जास्त उपयोग होतो. गरज पडली तर खालून माणसं बोलावणंही त्यालाच जमतं.

व्यावसायिक संस्था घेणार असाल तर: राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा संस्थांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणी आहे का, नेणाऱ्यांपैकी कोणी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलंय का, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला लाजू नये.

परवानग्या: शाळेची लेखी परवानगी आणि प्रत्येक पालकाचं संमतीपत्र. 'सहलीला पाठवण्यास हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं संमतीपत्र अपुरं आहे. कुठे जाणार, किती चढ आहे, काय धोके आहेत, मागे कधी फिरणार, हे वाचून पालकांनी सही करायला हवी.

आरोग्याची माहिती: दमा, फिट्स, मधुमेह, हृदयाचा त्रास, मधमाशी किंवा औषधाची अॅलर्जी, चालू गोळ्या, रक्तगट. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या सॅकमध्ये हवा, गाडीत ठेवलेला पंप उपयोगाचा नाही.

सराव: हाइकच्या तीन-चार आठवडे आधी एकदा कर्नाळा करावा. कोण दमतं, कोणाचे बूट चावतात, कोण पाणीच पीत नाही, हे सगळं तिथे कळतं. कर्नाळ्याला चार तास लागले तर प्रबळगड या वर्षी नको.

मुली असतील तर: महिला गाइड कॅप्टन किंवा शिक्षिका हवीच. सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या आणि माचीवर स्वच्छतागृहाची आधी केलेली विचारपूस, ही तयारी यादीत ठळकपणे लिहावी. या अडचणीमुळे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी त्यांनाच चक्कर येते.

सॅकमध्ये काय असावं?

सर्वात आधी पाणी. चालताना तासाला साधारण अर्धा लिटर धरलं तर दिवसाचे ३ लिटर तरी लागतातच. २९ जणांचे ८७ लिटर झाले. मुलांनी २ लिटर घेऊन निघावं आणि माचीवर परत भरावं. नाळेत आणि माथ्यावर पाणी मिळेल असं गृहीत धरू नये.

नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठही जातं. ओआरएसची पाकिटं न्यावीत. ती नसतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

खाण्यासाठी चपाती-भाजीचा रोल, थेपले, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, काकडी, संत्री. वेफर्स आणि कोल्ड्रिंक घरीच राहू द्यावीत.

पायात तळाला चांगली पकड असलेले, आधी वापरून सैल झालेले बूट. सँडल आणि शाळेचे गुळगुळीत तळाचे बूट चालणार नाहीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, टोपी, शिट्टी, टॉर्च. दिवसाची हाइक असली तरी टॉर्च हवाच. ४० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर ५ किलोपेक्षा जास्त ओझं नको.

प्रत्येक संघाकडे वेगळी प्रथमोपचार पेटी असावी. एकच मोठी पेटी असली की ती नेमकी दुसऱ्या टोकाला असते.

चालताना कोण कुठे?

सर्वात पुढे वाटाड्या आणि एक मोठा माणूस. सर्वात शेवटी दुसरा अनुभवी माणूस, ज्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. उरलेले दोघे संघांच्या मधे.

सर्वात हळू चालणारं मूल पुढच्या संघात ठेवावं. ते मागे राहिलं की दर वेळी बाकीचे थांबून त्याची वाट पाहतात आणि ते पोहोचताच चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. पुढे असलं की गटाचा वेग आपोआप योग्य राहतो.

मोजणी ठरलेल्या ठिकाणी करावी. चौकीवर, माचीवर, नाळेच्या तोंडाशी, माथ्यावर आणि उतरताना पुन्हा तशीच. संघनायक आपले सहा मोजतो आणि आकडा सांगतो. माथ्यावर लघवीला जातानाही दोघांनी मिळून जायचं.

नाळेत दोन संघांमध्ये अंतर हवं, कारण वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. दगड सुटला की 'दगड!' असं मोठ्याने ओरडायचं, हे सरावातच शिकवावं.

काही बिघडलं तर?

नाळेच्या वरच्या भागात एखाद्याचा पाय मोडला, तर त्याला उचलून माचीवर, तिथून ठाकूरवाडीत आणि मग गाडीने पनवेलला न्यायला पाच-सहा तास लागतील असं धरावं. म्हणून सुरुवातीच्या तासांचं काम गटालाच करता यायला हवं. दोन काठ्या आणि दोन शर्ट वापरून स्ट्रेचर तयार करणं स्काउटना शिकवलेलं असतं. ते मैदानावर करून झालं असेल तर डोंगरावर जमतं.

ऊन लागणं: डोकेदुखी, मळमळ, थंड चिकट त्वचा. सावलीत झोपवून, कपडे सैल करून, ओआरएस घोटघोट पाजावं. मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. तोंडाने काही न देता अंग ओलं करून वारा घालायचा आणि तातडीने खाली न्यायचं.

मधमाश्या: धूर, मोठा आवाज आणि उग्र वासाचे परफ्यूम टाळावेत. हल्ला झालाच तर डोकं आणि चेहरा झाकून, वाट सांभाळून लवकरात लवकर लांब जावं. हात झटकू नयेत. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट रुग्णालय.

साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर सरकारी रुग्णालयातली प्रतिविष लस चालते. चावलेला भाग हलू देऊ नये, मुलाला चालवू नये, उचलून न्यावं. चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करू नये. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात लस उपलब्ध आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावं.

विंचू: कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करू शकतो. रायगड जिल्ह्यातल्याच महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. बसताना दगड उलटे करू नयेत आणि काढून ठेवलेले बूट झटकूनच घालावेत.

वाट चुकणं: चुकलेल्याने जागेवरच थांबायचं. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. हा जगभर चालणारा संकेत आहे.

मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. डोंगरातल्या बचावासाठी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचं समन्वय केंद्र काम करतं, त्याचा चालू क्रमांक निघण्याआधी तपासून सगळ्या मोठ्या माणसांच्या फोनमध्ये घ्यावा. नाळेत रेंज मिळेलच असं नाही. म्हणून पनवेलमध्ये एक जबाबदार व्यक्ती ठरवावी, जिच्याकडे सगळ्या मुलांची यादी आणि वेळापत्रक असेल. ठरलेल्या वेळेनंतर दीड तासात, म्हणजे पावणेसहापर्यंत, ठाकूरवाडीतून फोन आला नाही, तर तिने स्वतः मदत मागायला सुरुवात करायची.

उतरल्यावर काय?

ठाकूरवाडीत शेवटची मोजणी, चौकीवर परत आल्याची नोंद आणि त्या जबाबदार व्यक्तीला फोन. वर नेलेला प्रत्येक कागद आणि बाटली खाली आली आहे का, हे संघनायकांनी पाहायचं.

पुढच्या आठवड्यात प्रत्येक संघाने हाइकचा अहवाल लिहावा. कुठे किती वाजले, पाणी कुठे संपलं, कोण कुठे दमलं, कोणती वाट चुकली. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकातले आकडे या अहवालातून येतील आणि नेस्मिथच्या नियमापेक्षा ते जास्त खरे असतील, कारण ते त्याच शाळेच्या मुलांनी त्याच डोंगरावर मोजलेले असतील.

माचीवरूनच मागे फिरलेल्या गटानेही अहवाल लिहायचाच. साडेअकराची वेळ ज्यांनी पाळली, त्यांना जानेवारीत पुन्हा प्रबळगडाला न्यायला कोणत्याही पालकाची हरकत नसेल.